पाणातिपाता आणि फाशीचा दोर



वर्षावासातील एका रविवारी आमच्या विहारात वंदना आटोपली, त्रिसरण-पंचशील झाले, आणि मंडळी उठण्याच्या बेतात असताना मागच्या रांगेतून एक बाई बोलल्या. त्यांच्या कुटुंबाला दीक्षा घेऊन जेमतेम वर्ष झालेले. त्या म्हणाल्या, "सर, एक विचारू का? रोज सकाळी आम्ही पाणातिपाता म्हणतो. जीव मारणार नाही म्हणतो. आन् परवाच्या मोर्चात आम्हीच ओरडत होतो, फाशी द्या, फाशी द्या. मग आमचं सकाळचं खरं, का दुपारचं?"

बंधूंनो, मला लगेच उत्तर देता आले नाही. मी त्यांना म्हणालो, "ताई, पंधरा दिवस द्या. वाचतो, विचार करतो आणि मग सांगतो." हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. ज्यांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे त्यांच्या मनात हा प्रश्न आज ना उद्या उठणारच. कारण शील हे देवघरात ठेवण्याची वस्तू नाही. ते रस्त्यावर, कोर्टात, मोर्चात आपल्याबरोबर आले पाहिजे. तेथे ते टिकत नसेल तर एक तर शील खोटे, नाही तर आपण खोटे.

आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. ती घोषणा मीही दिलेली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. त्या वर्षी मी दहावीत होतो. वर्गात नागरिकशास्त्रात समतेचा पाठ चालू होता आणि बाहेर ही बातमी. मूठ आवळून, घसा बसेपर्यंत मी 'फाशी द्या' म्हणालो होतो. त्या मुलाला मी आज दोष देत नाही. त्याचा राग खरा होता. परंतु राग खरा असला म्हणजे रागाने सुचवलेला उपायही खराच असतो, असे नाही. ते तपासून पाहावे लागते. तपासल्याशिवाय काही स्वीकारू नका, मी सांगतो म्हणूनही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत.

फाशीच्या बाजूने काय म्हणता येते?

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडणे हा अप्रामाणिकपणा आहे. म्हणून फाशी असावी असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी पुऱ्या जोराने मांडतो.

पहिली गोष्ट, जीवाच्या किमतीची. हजारो वर्षे या देशात आपल्या माणसाच्या जीवाला किंमत नव्हती. मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडून पाहा. ज्या अपराधाला इतर वर्णांना देहान्त शिक्षा, त्याच अपराधाला ब्राह्मणाचे फक्त मुंडन. त्याने कोणतेही पाप केले तरी राजाने त्याला मारू नये, धनासह देशाबाहेर घालवावे, असा तेथे दंडक आहे. म्हणजे अपराध एक आणि माने दोन. एक मान कापायची, दुसऱ्या मानेवरचे फक्त केस कापायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी तो ग्रंथ जाळविला तो उगीच नव्हे. मग आज कोणी म्हणत असेल की, "आमच्या लेकरांना मारणाऱ्याला कायद्यातली सर्वांत मोठी शिक्षा झाल्याशिवाय आमचा जीव इतरांच्या जीवाइतका मोलाचा आहे हे आम्ही कसे मानावे?", तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. त्याच्या मागणीत सूड थोडा आणि समतेची भूक अधिक आहे.

दुसरी गोष्ट, दहशतीची. एकाला फाशी झाली की दहा जणांचे हात थांबतील, असे सामान्य माणसाला वाटते. गावात जो माणूस पिढ्यान् पिढ्या आपल्याला भ्याला नाही, तो निदान दोराला भिईल, अशी ही आशा.

तिसरी गोष्ट, धम्माचीच. काही जाणकार उपासक म्हणतील की, बुद्धाने शिक्षेला विरोध केलेला नाही. हे बरोबर आहे. सिंह सेनापतीने तथागतांना नेमके हेच विचारले होते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरील आपल्या निबंधात तो प्रसंग दिला आहे. त्याचा आशय असा की, अपराध्याला दंड झालाच पाहिजे. न्यायाधीश शिक्षा देतो तो त्याचा दोष नव्हे, ते अपराध्याच्या कृत्याचे फळ आहे. शिवाय सम्राट अशोकानेही देहान्त शिक्षा रद्द केली नव्हती. आपल्या राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या स्तंभलेखात त्याने मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिली, नातलगांना दयेसाठी खटपट करता यावी म्हणून. मुदत दिली, पण शिक्षा ठेवली.

हे तीन मुद्दे आहेत. कोणताही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आता एकेक तपासू.

धम्म काय सांगतो?

पहिल्यांदा धम्माचा मुद्दा घेऊ, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात.

अहिंसेविषयी बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात एक फार मोलाचा भेद केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. बुद्धाने अहिंसेचा आंधळा नियम केला नाही, तिला तत्त्व म्हणून ठेवले. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. अंगावर सुरा घेऊन धावून येणाऱ्यापासून लेकराला वाचविताना हात उगारावा लागला, तर तेथे गरज असू शकते.

आता हीच कसोटी फाशीला लावा. ज्याला फाशी द्यायची तो कोठे आहे? तो तुरुंगात आहे. त्याच्या हातात सुरा नाही, भोवती भिंती आहेत, पहारा आहे. वर्षानुवर्षे खटला चालून मग त्याला पहाटे बाहेर काढून मारायचे आहे. येथे मारण्याची गरज कोणती? त्याला कोंडून ठेवून समाजाचे रक्षण होतच आहे. गरज संपलेली आहे. मग जी उरते तिचे नाव काय? उरते ती इच्छा. आणि इच्छेलाच तर तथागतांनी हात घातला आहे.

दंड पाहिजे, हे सिंह सेनापतीच्या प्रसंगातून सिद्ध होते. दंड म्हणजे मृत्यूच पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. धम्मपदात दंड या विषयावर स्वतंत्र वर्ग आहे. त्याचा सांगावा असा की, दंडाला सारेच भितात, जीव सर्वांनाच प्रिय असतो. म्हणून स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, मारू नका आणि मारवूही नका. 'मारवू नका' हे दोन शब्द नीट ध्यानात घ्या. फाशीचा खटका जल्लाद ओढतो. पण तो आपल्या नावाने, आपल्या मागणीवरून ओढतो. स्वतः न मारता मारविण्याची सोय शीलात ठेवलेली नाही.

अशोकाच्या नंतर काही शतकांनी आचार्य नागार्जुनाने 'रत्नावली' हा ग्रंथ एका राजाला उपदेश म्हणून लिहिला. तो राजा सातवाहन कुळातील, म्हणजे आपल्याच पैठणच्या घराण्यातला, असे परंपरा सांगते. त्यात आचार्य सांगतात की, खुनी माणूससुद्धा पारखून घेऊन राज्याबाहेर घालवावा, पण त्याला मारू नये, त्याचे हाल करू नयेत. म्हणजे अशोकाने जे पाऊल अर्धे टाकले, ते बौद्ध विचाराने पुढे पुरे केले.

अंगुलिमालाची गोष्ट आणि तिचा विपर्यास

येथे कोणी तरी अंगुलिमालाची गोष्ट काढतोच. बहुधा आपल्या बाहेरचा माणूस काढतो आणि आपल्याला ऐकवतो की, "तुमच्या बुद्धाने अंगुलिमालाला क्षमा केली, मग तुम्ही का कोर्टात जाता? क्षमा करा, विसरून जा." बंधूंनो, असे कोणी सांगितले तर त्याला सुत्त नीट वाचायला सांगा.

मज्झिम निकायातील त्या सुत्तात काय आहे? कोसल देशातला हा दरोडेखोर, माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. तथागतांची भेट झाली तेव्हा त्याने प्रथम शस्त्र टाकले. मग प्रव्रज्या घेतली. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघाला होता. वाटेत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी विचारले, "तो अंगुलिमाल तुला मुंडन केलेला, शीलवान झालेला दिसला तर काय करशील?" राजा म्हणाला, "वंदन करीन." तेव्हा शेजारीच बसलेला अंगुलिमाल भगवंतांनी दाखविला. राजाच्या अंगावर काटा आला, पण त्याने शब्द पाळला.

गोष्ट येथे संपत नाही. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर ढेकळे, काठ्या, दगड पडले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. रक्ताने माखून तो परत आला, तेव्हा तथागत त्याला म्हणाले की, सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. म्हणजे फळ टळले नाही. अंगुलिमालाला जीवदान मिळाले, पण हिशेबातून सूट मिळाली नाही.

यावरून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. ज्याने शस्त्र टाकले नाही, चूक कबूल केली नाही, जो गावात मिशीला पीळ देत फिरतो, तो अंगुलिमाल नव्हे. त्याच्यासाठी क्षमेचा उपदेश आपल्याला करण्याचा अधिकार कोणाला नाही. कोर्टाची पायरी आपण चढलीच पाहिजे. आणि दुसरे असे की, माणूस जिवंत राहिला तरच त्याच्यात बदल होऊ शकतो. माणूस बदलू शकतो, यावर तर आपल्या धर्मांतराची सारी इमारत उभी आहे. जन्माने कोणी कायमचा नीच ठरत नाही असे म्हणून आपण जुना धर्म सोडला. मग एखादा माणूस कायमचा राक्षस ठरतो असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

दोर आणि दहशत

आता दहशतीचा मुद्दा. दीघ निकायात 'चक्कवत्ति सीहनाद सुत्त' आहे. एका राजाने राज्याचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने पहिल्या चोराला धन दिले. ते ऐकून दुसरे चोरी करू लागले. तेव्हा राजाने धोरण बदलले. चोराला बांधून, ढोल वाजवीत गल्लोगल्ली फिरवून, नगराच्या दक्षिण दरवाजाबाहेर त्याचे मुंडके उडविले. लोक भ्याले का? लोकांनी धारदार शस्त्रे करविली आणि म्हणाले, आपणही ज्यांना लुटू त्यांची मुंडकी उडवू. राजाने जे केले, ते प्रजा शिकली. मग चोरीतून खून, खुनातून खोटे, आणि माणसांचे आयुष्य घटत गेले.

त्याच निकायातील 'कूटदंत सुत्त' याचीच दुसरी बाजू दाखविते. महाविजित राजाच्या राज्यात लूटमार माजली होती. त्याचा शहाणा पुरोहित म्हणाला की, मारून किंवा बांधून हा उपद्रव मिटणार नाही. जे मारण्यातून उरतील ते पुन्हा छळतील. शेती करणाऱ्याला बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. तसे केल्यावर त्या राज्यातील लोक दारे उघडी ठेवून राहू लागले. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगितले गेले आहे!

आजचा पुरावाही याहून वेगळा नाही. भारताच्या विधी आयोगाने १९६७ साली, आपल्या ३५ व्या अहवालात, फाशी ठेवावी असे म्हटले होते. त्याच आयोगाने २०१५ साली, न्यायमूर्ती अजित शहा अध्यक्ष असताना, २६२ वा अहवाल दिला. जन्मठेपेपेक्षा फाशीने गुन्ह्याला अधिक आळा बसतो असा पुरावा नाही, असे त्याने सांगितले आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध एवढे सोडून बाकी गुन्ह्यांसाठी ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली. आपण आपल्या अनुभवाने हे पडताळून पाहू. २०१४ साली अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ साली सारे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. मग सांगा, खून करणाऱ्याच्या मनात काय असते? 'मला फाशी होईल की जन्मठेप' हा हिशेब त्याच्या मनात नसतोच. 'आपल्या विरुद्ध बोलायला कोण उभा राहतो ते पाहू' हा त्याचा हिशेब असतो. त्याला शिक्षेच्या आकाराची भीती नाही. शिक्षा होईल याची खात्री झाली तरच तो भिईल.

दोर कोणाच्या मानेला बसतो?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, समतेचा. फाशीने आपल्या जीवाची किंमत वाढेल का?

मनुस्मृती गेली आणि राज्यघटना आली. कायद्यापुढे सारे समान झाले. आज भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. त्यात कोठेही जात पाहून शिक्षा सांगितलेली नाही. परंतु कायद्याच्या पुस्तकातून न्याय चालत येत नाही, तो पोलीस, पंच, वकील आणि पैसा यांच्या रस्त्याने येतो. त्या रस्त्यावर समता आली आहे का?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना भेटून २०१६ साली अहवाल काढला. त्यात दिसले की, शंभरातले ७४ कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, आणि ७६ जण मागास जातींतले किंवा अल्पसंख्य समाजांतले. फाशीची कोठडी उघडून पाहिली तर आत आपल्यासारखीच माणसे बसलेली आहेत.

आणि ती सारी अपराधीच असतात असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतो. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर रात्री अमानुष हल्ला झाला, पाच जीव गेले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सांगितली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अज्ञान वयाचा होता, हे पुढे उघड झाले. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकून सहाही जण निर्दोष असल्याचे सांगितले. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदार बाईने आरंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच माणसांना ओळखले होते, आणि ते कोर्टापुढे नीट येऊ दिले नव्हते. त्या सहा जणांना पाच-पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षे तुरुंगात! मुले वाढली, म्हातारी मेली. तरी ते जिवंत बाहेर आले. २००९ नंतर लगेच दोर ओढला गेला असता तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखविला असता? ते सहा जण कोण होते? पालावरचे, मजुरीवर पोट भरणारे. आज त्यांच्यासारख्या कित्येक घरांनी धम्माची वाट धरली आहे. हा लेख वाचणाऱ्यांतही ते असतील.

दुसरीकडे बिहार पाहा. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे गावात ५८ दलित-कष्टकऱ्यांची कत्तल झाली. २०१० साली खालच्या न्यायालयाने १६ जणांना फाशी आणि १० जणांना जन्मठेप सांगितली. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सव्वीसच्या सव्वीस जणांना सोडून दिले. त्याच बिहारमध्ये १९९२ साली बारा गावात वरच्या जातीच्या माणसांची कत्तल झाली होती. तीही कत्तलच होती, तिचेही दुःख आपल्याला आहे. पण त्या खटल्यात ज्या चौघांना फाशी झाली, त्यांत दलित मजूर होते, आणि त्यांची फाशी २००२ साली सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. २०१७ साली राष्ट्रपतींच्या दयेने ते दोरापासून वाचले.

यावरून काय दिसते? दोर हा समतेचा मापदंड होत नाही. समाजाचा उतार ज्या बाजूला असतो त्या बाजूला दोर घसरतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, त्यातच एक तरतूद आहे: खोटी साक्ष देऊन आपल्या एखाद्या निरपराध माणसाला फासावर चढविले, तर त्या खोट्या साक्षीदाराला मृत्युदंड. ही तरतूद का करावी लागली, याचा विचार करा. आपला निरपराध माणूस फाशी जाऊ शकतो हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते! पण त्या साक्षीदाराला मारून गेलेला माणूस परत येणार आहे का?

बाबासाहेबांनी काय सांगितले?

आपल्यापैकी पुष्कळांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. जून १९४९ मध्ये घटना समितीत चर्चा चालली होती की, फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क असावा की नाही. त्या वेळी बाबासाहेबांनी आपले मत सांगितले की, अपिलाची तरतूद वाढवीत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपण अधिक पसंत करू. या देशाने अहिंसेला नैतिक तत्त्व म्हणून मानलेले आहे, आचरणात लोक कमी पडत असले तरी. आणि त्या तत्त्वाला धरून योग्य मार्ग हाच, असा त्यांचा युक्तिवाद होता. नागपूरची दीक्षा त्यानंतर सात वर्षांनी झाली. ज्या माणसाला आयुष्यभर अपमान सोसावा लागला, ज्याच्या समाजाचे रक्त गावोगाव सांडत होते, त्याने सुडाची भाषा केली असती तर कोणी नवल केले नसते. परंतु कायदा लिहिताना त्यांनी दोराला पसंती दिली नाही.

मग खैरलांजीचे काय?

आता पुन्हा त्या दुखऱ्या जागी येऊ. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी बदलून २५ वर्षांची कैद केली. त्या दिवशी आपल्या वस्त्यांत चुली पेटल्या नाहीत. भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. बायको-मुलांचे दुःख उरात घेऊनच गेले.

परंतु भगिनींनो, शांतपणे विचार करा, खैरलांजीत आपण खरोखर काय हरलो? फाशी हरलो म्हणून दुःख करीत आपण दुसरी मोठी गोष्ट विसरतो. त्या खटल्यात ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. जातीमुळे हे घडले, असे न्यायालयाने मानलेच नाही. त्या माऊलीची शेतजमीन, तिचा ताठ कणा, तिच्या मुलांचे शिक्षण गावाच्या डोळ्यांत खुपत होते, हे सत्य निकालपत्रात जसे यायला हवे होते तसे आले नाही. सहा जण फासावर गेले असते तरी हे सत्य उच्चारले गेले नसतेच. दोराने तोंड बंद होते, सत्य बोलते होत नाही. आपल्याला न्याय हवा आहे तो जातीच्या गुन्ह्याला जातीचा गुन्हा म्हणणारा हवा आहे.

कोणी विचारील, जन्मठेपेचा माणूस चौदा वर्षांनी सुटून पुन्हा गावात आला तर? तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कायद्यात आहे. न्यायालये आता २५ वर्षे, किंवा मरेपर्यंत, सूट न देता कैद सांगू शकतात आणि सांगतातही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सांगून ठेवले आहे की, फाशी केवळ विरळातल्या विरळ प्रसंगी आणि दुसरा मार्ग पुरता बंद झाला असेल तरच द्यावी. दुसरा मार्ग उघडा आहे, तोवर आपण त्या मार्गाचा आग्रह धरावा.

आपण काय करावे?

धम्म हा आचरणाचा विषय आहे, म्हणून काही गोष्टी करण्यासाठी सांगतो.

अत्याचार घडला तर फिर्याद त्याच दिवशी, ॲट्रॉसिटीच्या कलमांसह नोंदवून घ्या. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो, आणि साठ दिवसांत पुरा करून दोषारोपपत्र द्यावयाचे असते, हे नियम पाठ करून ठेवा. जो सरकारी नोकर जाणूनबुजून कर्तव्य टाळतो, त्यालाही या कायद्यात शिक्षा आहे. २०१६ पासून पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क कायद्यात स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत: संरक्षण, प्रवासखर्च, जामिनाच्या वेळी बाजू ऐकून घेतली जाण्याचा हक्क. ही कलमे विहारात वंदनेनंतर मोठ्याने वाचा.

साक्षीदाराला एकटे सोडू नका. मोर्चाला हजारो लोक येतात, पण पाच वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदार बाई एकटी बसलेली असते. समोर आरोपीचे वीस नातलग. ती फितूर झाली तर दोष तिचा किती आणि आपला किती? प्रत्येक तारखेला वस्तीतले दहा जण तिच्यासोबत जाऊन नुसते बसले, तरी ते शंभर घोषणांच्या बरोबरीचे आहे. एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी एवढाच त्याचा खर्च आहे. न्याय स्वस्त नाही, पण इतका महागही नाही.

आणि घरात मुलांसमोर फाशीचा आनंद करू नका. २० मार्च २०२० रोजी पहाटे तिहार तुरुंगात चौघांना फाशी झाली, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. ज्या मुलीसाठी ते झाले तिच्यावरचा अत्याचार भयंकर होता, यात शंका नाही. पण एका मरणाचे पेढे खाल्लेले मूल दुसऱ्या मरणाकडे कसे पाहील? २२ प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करीन अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती प्रतिज्ञा घेताना 'माझ्या शत्रूला वगळून' असे कोणी म्हटले नव्हते.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला त्यांना माझे उत्तर असे आहे: ताई, तुमचे सकाळचे खरे आहे. आणि दुपारचा मोर्चाही खरा आहे. फक्त घोषणा बदलू या. 'फाशी द्या' ऐवजी 'खरा तपास करा, कलम लावा, साक्षीदाराला जपा, गुन्हेगाराला सोडू नका' असे म्हणू या. ती घोषणा लांब आहे, ओरडायला अवघड आहे, हे मला कबूल आहे. पण ती म्हणताना सकाळची वंदना घशात अडकणार नाही.

माझे म्हणणे ज्यांना पटणार नाही त्यांनी विहारात उभे राहून तसे सांगावे. ज्याच्या घरातले माणूस गेले आहे, तो जर म्हणाला की, मला हे जमणार नाही, तर त्याला उपदेश करू नका, त्याच्याजवळ बसा. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण त्याला ऐकविण्यासाठी नाही, ज्यांचे काही गेलेले नाही अशा आपण सर्वांनी आधी आचरण्यासाठी आहे. तो जेव्हा कोर्टात जाईल तेव्हा आपण त्याच्या शेजारी असलो, तर एक दिवस तोही आपल्या शेजारी बसून पहिले शील म्हणेल.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!